वाचनालयाची सभासद नोंदवही ड्रुपलवर पुन्हा बांधताना : कामाच्या नोंदी

रविवार, १ जून २०२५

फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयाची साइट २०१२ साली ड्रुपल ७ या साइट बांधण्याच्या प्रणालीवर उभी राहिली. पुस्तकांची यादी, गावच्या नाट्यप्रयोगांवरचे लेख, सभासदांनी हौसेने टंकून दिलेल्या जुन्या नाटकांच्या संहिता असं सगळं तिच्यावर आहे. सभासदत्वाचा अर्ज, कार्यकारिणीची मंजुरी, वर्गणी आणि यादी ही कामंही तिथेच व्हायची. साइट बांधणारा मुलगा नोकरीला परदेशी गेला. एप्रिलमध्ये होस्टिंग कंपनीने, म्हणजे जिच्या सर्व्हरवर साइट असते तिने, साइट पीएचपी ८ वर (ड्रुपल ज्या भाषेत लिहिलेलं आहे तिच्या आवृत्तीवर) नेली आणि सभासदांचं पान पांढरं झालं. त्या मुलाने लिहिलेल्या मॉड्यूलमध्ये (ड्रुपलला जोडायच्या भागात) 'ईच' आणि 'क्रिएट फंक्शन' ही पीएचपीची फंक्शनं जागोजागी होती. ही दोन्ही पीएचपी ८.० मधून काढून टाकली आहेत.

तेवढं दुरुस्त करून भागलं असतं, पण ड्रुपल ७ चा अधिकृत आधार ५ जानेवारी २०२५ ला संपला. ज्या साइटवर लोकांचे पत्ते आणि फोन आहेत ती तशीच चालू ठेवणं मला पटेना.

वार्षिक सर्वसाधारण सभा १० ऑगस्टला आहे. आमच्या घटनेप्रमाणे सूचना चौदा दिवस आधी निघते आणि तिच्यासोबत मतदार यादी जाते, म्हणजे २७ जुलैच्या आत यादी हवी. दिवसा पणजीत नोकरी असल्यामुळे हातात शनिवार-रविवारच आहेत. साठ तासांचा अंदाज कार्यकारिणीला दिला आहे. असं काम करणारं गावातलं वाचनालय किंवा मंडळ आमचं एकटंच नसेल, म्हणून या नोंदी.

शनिवार, ७ जून

ड्रुपल ११ घ्यायचं होतं. त्याला पीएचपी ८.३ लागतं आणि आमच्या शेअर्ड होस्टिंगवर (एक सर्व्हर अनेक साइटना मिळून) ८.२ च्या पुढे काही नाही. वेगळा सर्व्हर घेतला तर वर्षाचा खर्च तिप्पट होतो, शिवाय त्याची देखभाल माझ्यावर येते. मी उद्या नसले तरी साइट चालली पाहिजे. म्हणून ड्रुपल १०. होस्टिंग वर्षाला ५,४०० रुपये, तेवढंच राहिलं.

लॅपटॉपवर डीडीईव्ही हे साइट आपल्याच यंत्रावर चालवण्याचं साधन बसवून साइट उभी केली. पावसामुळे दुपारी तीनदा वीज गेली आणि डाउनलोड तीनदा अर्ध्यावर राहिलं. एका कामाला पूर्ण दिवस लागला.

शनिवार, १४ जून

जुन्या साइटवर १,९४० खाती. गावाची वस्ती पाहता एवढी खाती माणसांची असणं शक्यच नाही. नोंदणी सर्वांना खुली होती, त्यामुळे जाहिराती टाकणाऱ्या यंत्रांनी खाती उघडून ठेवली होती.

'कधीच लॉगिन केलं नाही आणि काही लिहिलंही नाही' अशी सगळी खाती मी गाळली. चूक झाली. अकरा खरे सभासद त्यात गेले. त्यांची खाती सचिवांनी स्वतः उघडून दिली होती, पण त्यांनी साइट कधी उघडलीच नव्हती. बॅकअप होता म्हणून ती परत आणता आली. आता नियम उलटा केला आहे. कागदी नोंदवहीत नाव आहे का ते आधी पाहायचं आणि उरलेल्यांतूनच गाळायचं. हाताने तपासल्यावर माणसांची खाती निघाली १३७.

दुसरी चूक. ड्रुपल ७ मधून खाती आणताना पहिल्या क्रमांकाचं खातं, म्हणजे सर्वाधिकार असलेलं खातं, जुन्या साइटवरच्या माहितीने बदललं जातं. नव्या साइटवर मी ठेवलेलं नाव आणि पासवर्ड दोन्ही गेले आणि मी स्वतःच बाहेर राहिले. हे दस्तऐवजात लिहिलेलं आहे, मी वाचलं नव्हतं. ड्रश या ड्रुपलला कमांड देण्याच्या साधनाची 'यूएलआय' ही कमांड एकदाच चालणारा लॉगिनचा दुवा काढून देते. तिच्यामुळे आत शिरता आलं, पण ते आठवेपर्यंत दोन तास गेले.

रविवार, १५ जून

चाचणी साइट होस्टिंगवर चढवली आणि वाचनालयात सात-आठ सभासदांना बोलावलं. एकाचाही पासवर्ड चालेना.

कारण असं. ड्रुपल १०.१ पासून पासवर्ड पीएचपीच्या स्वतःच्या पद्धतीने हॅश होतात, म्हणजे उलट वाचता न येणाऱ्या रूपात साठवले जातात. ड्रुपल ७ चे हॅश जुन्या पद्धतीचे आहेत आणि ते ओळखण्यासाठी 'पासवर्ड कंपॅटिबिलिटी' हे मॉड्यूल चालू असावं लागतं. ते ड्रुपलबरोबरच येतं. जुनी ड्रुपल १० साइट अद्ययावत केली तर आपोआप चालू होतं, कोऱ्या साइटवर होत नाही. माझी साइट कोरी होती.

मॉड्यूल चालू केलं, तरी तिघांना आत जाता येईना. त्यांनी तोवर पाच-पाच वेळा प्रयत्न केले होते. ड्रुपल एका खात्याला सहा तासांत पाच चुकीचे पासवर्ड झाले की कुलूप लावतं, आणि एकाच आयपी पत्त्यावरून तासात पन्नास चुका झाल्या की तो पत्ताच अडवतं. वाचनालयातले सगळे एकाच वायफायवर, म्हणजे बाहेरून पत्ता एकच. अजून थोडं ताणलं असतं तर सगळेच अडकले असते. चुकलेल्या प्रयत्नांची नोंद ठेवणारं 'फ्लड' नावाचं टेबल रिकामं केलं आणि वाट मोकळी झाली.

एक मावशी मात्र तोवर निघून गेल्या होत्या. "आमच्याने हे व्हायचं नाही," म्हणाल्या. हे मला लागलं, कारण त्यांनी पासवर्ड वहीत नीट लिहून आणला होता आणि तो बरोबर होता. संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन लॉगिन करून दाखवलं.

रविवार, २२ जून

आजचा दिवस कागदावर गेला, आणि एवढ्या दिवसांत सर्वांत उपयोगाचा तोच ठरला. सचिव भाई नोंदवही घेऊन आले. तीन जाडजूड खंड, ४१२ नावं. मी नव्या साइटचा आराखडा दाखवला : प्रत्येक सभासदाचं एक खातं, खात्याला फोन, पत्ता, वर्गणी असे रकाने जोडलेले. जुन्या साइटवर असंच होतं.

भाईंनी पहिलंच पान उघडलं. "बाय, ह्या घरात पाच सभासद आहेत आणि ईमेल एकच, मुलाचा. कसं करणार?"

ड्रुपलमध्ये एक ईमेल एकाच खात्याला चालतो. जुन्या साइटवर भाईंनी यावर उपाय म्हणून चौघांना खोटे ईमेल दिले होते. त्या पत्त्यांवर गेलेली पत्रं आजवर कुणाला मिळाली नाहीत.

पुढचं पान. आजीव सभासद, वय ऐंशीच्या वर, फोन साधा. त्यांना खातं नको आहे, पण मत द्यायचं आहे. त्यापुढे एक विद्यार्थी सभासद, त्याला मत नाही पण पुस्तकं घेता येतात. मग एक मुंबईला गेलेले, वर्गणी पाठवतात, सभेला येत नाहीत.

घरी येऊन आराखडा फेकला. आता सभासद वेगळा आणि खातं वेगळं. सभासदाची नोंद कार्यकारिणीची, तिला खातं जोडलेलं असेल किंवा नसेल. ज्याला साइटवर लिहायचं आहे, आपली वर्गणी पाहायची आहे, त्याने खातं घ्यावं. खातं बंद झालं तरी सभासद राहतो आणि सभासदत्व संपलं तरी लेख राहतात.

'थकबाकीदार' हा शिक्का साठवायचा नाही हेही आजच ठरवलं. जुन्या साइटवर तो खजिनदार हाताने लावायचे आणि काढायला विसरायचे. आता पावतीची तारीख आणि कोणत्या वर्षाची वर्गणी एवढंच साठवायचं, थकबाकी त्यावरून काढायची.

मंगळवार, २४ जून

सांजांवची (सेंट जॉनच्या सणाची) सुट्टी घेतली होती. सभासदासाठी ड्रुपलचा साधा कंटेंट प्रकार (लेखासारखा मजकुराचा साचा) बनवला, कारण त्याला प्रत्येक बदलाची आवृत्ती आयती मिळते आणि कोणी काय बदललं ते कळतं. संध्याकाळपर्यंत सगळं चालू झालं. मग सवयीने ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत एक पत्ता टाकून पाहिला, आणि एका सभासदाचा फोन, घरचा पत्ता, जन्मतारीख सगळं समोर आलं. लॉगिनशिवाय.

प्रकाशित कंटेंट पाहण्याची परवानगी अनोळखी पाहुण्याला मुळातच दिलेली असते, लेख वाचता यावेत म्हणून. सभासद हा त्याच जातीचा केला तर तोही उघडा पडतो, साइटवरच्या शोधातही येतो. एकेक भोक बुजवता येतं, पण पुढे कोणी नवीन यादी बनवली की नवं भोक पडेल.

म्हणून सभासद ही स्वतंत्र एंटिटी (नोंदीचा वेगळाच प्रकार) केली, तिची स्वतःची परवानगी असलेली : मुळात कुणालाच दिसत नाही, ज्याला दिली त्यालाच दिसते. ड्रशच्या 'जनरेट' कमांडने सांगाडा मिळतो आणि आवृत्त्या ठेवण्याची सोयही मागता येते. पहिला दिवस वाया गेला, दुसरे अडीच लागले. नशिबाने चाचणी साइटवर तोवर माझीच माहिती आणि दोन बनावट नावं होती, आणि समोर आलेली नोंद माझीच होती.

रविवार, २९ जून

नोंदवही टंकून घेतली. वाचनालयातल्या दोन मुलींनी तीन आठवडे संध्याकाळी बसून ४१२ ओळी एक्सेलमध्ये भरल्या. त्यांच्या कामाचे ३,००० रुपये कार्यकारिणीने दिले, हा या प्रकल्पातला सर्वांत योग्य खर्च.

आणण्याची प्रक्रिया चालवली, एकही त्रुटी नाही. अहवाल उघडला तर एकूण जमा वर्गणी अपेक्षेच्या निम्मीही नाही. शेकडो पावत्यांपुढे शून्य.

मुलींनी काही पानं देवनागरी आकड्यांत टंकली होती, वहीत तसेच होते म्हणून. यात त्यांची काही चूक नाही. पीएचपी '५००' या देवनागरी मजकुराचा पूर्णांक करायला गेलं की उत्तर शून्य येतं, आणि तक्रारही करत नाही. मी आकडे तपासणारी एक ओळ आधी ठेवली होती, तरी हे सुटलं कसं, याचा शोध घ्यायला चार तास लागले. ती ओळ रेग्युलर एक्स्प्रेशनची, म्हणजे मजकुराचा नमुना तपासणाऱ्या सूत्राची होती, युनिकोडचा (सर्व लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीचा) 'यू' झेंडा लावलेली. तो झेंडा असला की 'अंक' या खुणेत देवनागरी अंकही बसतात. म्हणजे तपासणाऱ्याच्या मते तो अंक, आणि हिशेब करणाऱ्याच्या मते शून्य. दोघांचं पटत नव्हतं आणि मधल्या मध्ये पैसे गायब.

उपाय दहा जोड्यांचा : ० ते ९ चे देवनागरी अंक तपासण्याआधीच इंग्रजी करून घ्यायचे. तारखांनाही तेच लागू, देवनागरी आकड्यांतली तारीख पीएचपीला वाचता येत नाही. एक जादा तपासणीही बसवली : आणलेल्या रकमांची बेरीज आणि वहीतल्या पानाखालची बेरीज जुळली नाही तर थांबायचं. वहीच्या प्रत्येक पानाखाली खजिनदारांनी बेरीज लिहिलेली आहेच, ती वापरायचं आधी सुचायला हवं होतं.

नावंही साफ केली. श्री., सौ., डॉ., ॲड., कै. असे सगळे उपसर्ग काढून टाकले, म्हणजे यादी आडनावाने नीट लागेल.

शनिवार, ५ जुलै

भाईंनी एका सभासदाचं खातं उघडून फोन बदलला आणि सेव्ह दाबलं. वापरकर्त्याच्या नावात अवैध अक्षर आहे, असा निरोप आला. नाव होतं कुऱ्हाडे. दिसायला सगळं बरोबर.

या 'ऱ्ह' मधला अर्धा र दोन रीतींनी लिहिला जातो. एका रीतीत ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि पुढे हलंत. दुसऱ्या रीतीत साधा र, हलंत आणि त्यामागे झीरो विड्थ जॉइनर नावाची न दिसणारी खूण. कोणती रीत पडेल हे कीबोर्डवर अवलंबून. ड्रुपलची तपासणी वापरकर्त्याच्या नावात न दिसणाऱ्या खुणांना मज्जाव करते. त्यामागे फसवणूक टाळण्याचं योग्य कारण आहे, पण आमच्या आडनावांना तो अडथळा होतो. जुन्या साइटवर ही नावं थेट डेटाबेसमध्ये घातली होती, तपासणी झालीच नव्हती.

युनिकोडचं नेहमीचं एनएफसी सामान्यीकरण (वेगवेगळ्या रीतींनी लिहिलेलं अक्षर एका रीतीत आणणं) करून पाहिलं. ते र आणि नुक्ता एकत्र करून ऱ करतं, पण जॉइनरच्या रीतीला हात लावत नाही. 'ॲड.' मधल्या ॲ चं तसंच : एका रीतीत एकच अक्षर, दुसरीत अ आणि वर चंद्र. दिसायला सारखे, यादीत दोन वेगळ्या जागी. हे बदल स्वतः लिहावे लागले, एनएफसीच्या आधी. नावं साठवताना आणि शोधतानाही तेच, नाहीतर शोधणाऱ्याने दुसऱ्या रीतीने टंकलं तर माणूस सापडत नाही.

वापरकर्त्याचं नाव म्हणून आता कार्डावरचा सभासद क्रमांक ठेवला आहे. पंचाहत्तरीच्या माणसाला तो पाठ असतो. खरं नाव सभासदाच्या नोंदीत, तिथे कोणताही मज्जाव नाही.

रविवार, ६ जुलै

आषाढी एकादशी, देवळात भजन. दोन तासच काम झालं, दुहेरी नावांचं. नऊ जण दोनदा निघाले. यातले चौघे असे की एका नोंदीत आडनाव परब आणि दुसऱ्या नोंदीत रोमन लिपीत पोर्तुगीज वळणाचं पोरोब, कारण जुन्या जन्मदाखल्यावर तसंच आहे. कामतचं कामोतीम आणि नाईकचंही तसंच. हे कोणत्याही आपोआप जुळवणीत सापडत नाही. भाईंनी यादी वाचली आणि अर्ध्या तासात बोट ठेवून सांगितलं. गोव्यात हे काम करणाऱ्याने नावांची जुळवणी गावातल्या माणसाकडूनच करून घ्यावी.

शनिवार, १२ जुलै

परवानग्या. भाईंना खाती उघडता-बंद करता यावीत म्हणून 'ॲडमिनिस्टर यूजर्स' ही परवानगी दिली होती. आज भाईंच्या खात्याने शिरून पाहिलं तर पहिल्या क्रमांकाच्या, सर्वाधिकाराच्या खात्याचा ईमेल बदलता येत होता. ईमेल बदलला की पासवर्ड नव्याने मागवता येतो, आणि मग संपूर्ण साइट हातात. भाईंवर माझा पूर्ण विश्वास आहे. पण भाईंचा फोन दिवसभर वाचनालयाच्या टेबलावर असतो.

आधी सर्वाधिकाराच्या खात्यांना इतरांनी हात लावू नये असा अडसर कोडमध्ये घातला. मग लक्षात आलं की सभासद वेगळा केल्यावर भाईंना ही परवानगीच लागत नाही. त्यांना हवं होतं ते एवढंच : सभासदाच्या पानावर 'खातं उघडून द्या' असं एक बटण. ते दिलं आणि परवानगी काढली. भूमिका (ठरावीक परवानग्यांचे गट) वाटण्याचं काम 'रोल डेलिगेशन' मॉड्यूलवर सोपवलं, त्यामुळे ठरवलेल्या तीन भूमिकाच सचिवांना देता येतात. पहिल्या खात्याची जन्मजात सर्वसत्ताही बंद केली. ड्रुपल १०.३ पासून सेटिंग्जच्या 'सर्व्हिसेस' फाइलमध्ये त्यासाठी सोय आहे.

रविवार, १३ जुलै

खातं बंद करण्याची तपासणी, लॅपटॉपवरच्या प्रतीत. ड्रुपल चार पर्याय देतं. त्यातला शेवटचा खात्यासोबत त्याने लिहिलेलं सर्व काही पुसतो. मी तो निवडून पाहिला, आणि चौतीस नाट्यसंहिता एका क्षणात गेल्या. त्या टंकणारे गुरुजी तीन वर्षांपूर्वी वारले. रात्ररात्र बसून, फाटक्या वह्यांवरून त्यांनी त्या उतरवल्या होत्या. प्रत होती म्हणून काही बिघडलं नाही, पण माझे हात थंड पडले. खऱ्या साइटवर कोणीही 'आता हे नाहीत, खातं काढून टाकू' असं म्हणून चांगल्या हेतूने तेच बटण दाबलं असतं.

पुसण्याचा पर्याय हुक (ड्रुपलच्या कामात आपलं कोड घालण्याची सोय) लावून यादीतूनच काढला. आता कोणालाही, मलासुद्धा, फक्त खातं बंद करता येतं. लेखाखाली नाव राहतं.

रविवार, २० जुलै

ही नोंद लिहायला जड जाते आहे.

शुक्रवारी रात्री खऱ्या माहितीची प्रत चाचणी साइटवर ठेवली आणि झोपले. थकलेल्या वर्गणीचं स्मरणपत्र पाठवणारा भाग तिथे चालू राहिला होता. होस्टिंगवरचा क्रॉन (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारी सोय) दर तासाला चालतो. शनिवारी सकाळी सातला भाईंचा फोन आला : लोकांना वाचनालयाची पत्रं येतायत, एकेकाला पाच-सहा वेळा.

यंत्राच्या बाजूने काय झालं ते आधी लिहिते. होस्टिंगवर तासाला ठरावीक संख्येचीच पत्रं जातात. ती मर्यादा गाठली की माझं कोड त्रुटी देऊन थांबत होतं. कोणाला पत्र गेलं याची नोंद मी सगळ्यांना पाठवून झाल्यावर एकदम करत होते. शेवटापर्यंत कधी पोचलंच नाही म्हणून नोंद झालीच नाही, आणि पुढच्या तासाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. यादीत वर असलेल्यांना प्रत्येक वेळी पत्र.

पण याहून वाईट पुढे आहे. एक पत्र एका अशा सभासदाच्या नावाने गेलं जे मार्चमध्ये वारले. 'आपली वर्गणी थकली आहे, कृपया भरावी.' ते पत्र त्यांच्या पत्नीने वाचलं. सहा वेळा आलेलं.

ते वारले हे नोंदवहीत होतं. भाईंनी नावाआधी पेनाने 'कै.' लिहिलं होतं. वेगळा रकाना कधीच नव्हता, त्या एका अक्षरातच ती माहिती होती. आणि २९ जूनला मी उपसर्ग साफ करताना श्री. आणि सौ. बरोबर तेही पुसलं होतं. माझ्या दृष्टीने तो यादीला अडचण करणारा कचरा होता.

काल संध्याकाळी भाईंना घेऊन त्यांच्या घरी गेले. माई अंगणातच बसल्या होत्या. मी सरळ सांगितलं की चूक माझी, वाचनालयाची नाही. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "त्यांची वर्गणी कधी थकली नव्हती हो. दर एप्रिलात पहिले जायचे भरायला." भाईंनी ते खरं असल्याचं सांगितलं. चहा दिला, निघताना त्यांनी घेतलेली वाचनालयाची दोन पुस्तकं परत करायला माझ्या हातात दिली.

आज सकाळपासून टंकलेली मूळ फाइल काढून उपसर्ग परत आणले आणि भाईंबरोबर ४१२ नावं एकेक वाचली. ५८ जण दिवंगत. त्यांतल्या पंधरा जणांच्या नावामागे 'कै.' सुद्धा नव्हतं, ते भाईंनाच माहीत. आणखी एक गोष्ट दिसली : काही ठिकाणी 'सौ.' खोडून 'श्रीमती' केलेलं. तीही कोणाच्या तरी जाण्याची नोंदच, शेजारच्या ओळीतल्या माणसाच्या. त्या खुणेवरून दोन जण सापडले जे अन्यथा जिवंत राहिले असते यादीत.

केलेले बदल :

दिवंगत ही आता सभासदाची स्वतंत्र अवस्था आहे, तारखेसह. ती लागली की कोणतंही पत्र निघत नाही, आणि हे पत्र पाठवण्याच्या जागी नव्हे तर पत्त्यांची यादी तयार होते तिथेच अडवलं आहे. पत्रं आता क्यूमधून (कामांच्या रांगेतून) जातात, एकेक सभासद एकेक काम, आणि पत्र गेल्याक्षणी त्याची तारीख नोंदवली जाते. मर्यादा आली की क्यू थांबतो आणि पुढच्या वेळी तिथूनच सुरू होतो. चाचणी साइटवर प्रत ठेवली की ड्रशच्या 'एसक्यूएल सॅनिटाइझ'ने सगळे ईमेल बदलायचे, शिवाय 'रीरूट ईमेल' मॉड्यूल लावून प्रत्येक पत्र माझ्याकडेच वळवायचं. हे दोन्ही मला आधीपासून ठाऊक होतं, शुक्रवारी रात्री दमले होते म्हणून उद्यावर टाकलं.

उपसर्ग हा वेगळा रकाना झाला आहे. त्यात काय लिहायचं ते सभासद स्वतः सांगेल, काही नको असेल तर रिकामा.

शनिवार, २६ जुलै

मतदार यादी. ४१२ मधून ५८ दिवंगत आणि ९ दुहेरी वजा करून ३४५. त्यांत आजीव ९६ आणि चालू वर्गणीचे १४८, म्हणून मतदार २४४.

पीडीएफ काढायला 'एंटिटी प्रिंट' मॉड्यूल डॉमपीडीएफ या पीडीएफ बनवणाऱ्या साधनासोबत लावलं. जोडाक्षरं फुटली, ऱ्हस्व इकार अक्षराच्या मागे जाऊन बसला, आडनावं वाचवेनात. डॉमपीडीएफला देवनागरी अक्षरांची जुळणी येत नाही. एमपीडीएफला जमते, पण ते जोडायला निम्मा दिवस गेला असता. त्याऐवजी यादीचं साधं पान बनवलं, छपाईसाठी वेगळी शैली दिली आणि क्रोममधून छापलं. अक्षरं बिनचूक. तासाभराचं काम. छपाई आणि झेरॉक्स ६२० रुपये.

उद्या सकाळी सूचना फलकावर लागेल.

रविवार, १० ऑगस्ट

सभा झाली. यादीत दोन चुका निघाल्या. एका सभासदाने ३१ मार्चला संध्याकाळी वर्गणी भरली होती, पण खजिनदारांनी पावती दुसऱ्या दिवशी भरली आणि मी पावतीच्या नोंदीची तारीख धरत होते, पैसे मिळाल्याची नाही. सभेने पावतीपुस्तक पाहून त्यांना मत दिलं, तसा दोन तारखांचा बदल मी आज रात्री केला. दुसरी चूक वाड्याच्या नावाची.

हिशेब : साठ तासांचा अंदाज होता, लागले एकशे अठ्ठावन्न. रोख खर्च टंकन आणि छपाई मिळून ३,६२०. होस्टिंग होतं तेच. कोडमध्ये सर्वांत जास्त वेळ गेला नाही, तो गेला नावांमध्ये.

उरलेली कामं : खजिनदारांना फोनवरून पावती भरता येईल असं पान (सध्याचं पान फोनवर फार लांब होतं), जुन्या खोट्या ईमेलच्या चार खात्यांना खरे पत्ते, आणि दिवंगत सभासदांच्या लेखनाची त्यांच्या नावाने एक वेगळी यादी. ती यादी चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी लावायची आहे. गुरुजींच्या चौतीस संहिता तिच्यात पहिल्या, आणि माईंना विचारलं तेव्हा कळलं की त्यांच्या यजमानांनीही दोन नाटकांवर लिहिलं होतं. ते कागद त्या शोधून ठेवणार आहेत, पुढच्या शनिवारी आणायला जायचं आहे.